विचारायला येणारी माणसं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सुप्याच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटरवर होते आणि नगरला भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. कारखान्यात सगळे 'मॅडम' म्हणायचे, पण चहाला कोणी हाक मारायचं नाही. मीही काही कमी तिरसट नव्हते म्हणा.

तेव्हा एका मराठी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता कचरा दिसायचा. वैतागून मी तो नीट करून देणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सायबर कॅफेत बसून कोडसकट इंटरनेटवर टाकला. खाली फक्त माझं नाव. अटीबिटी काही नाहीत. फुकट द्यायचं तर अटी कसल्या डोंबलाच्या!

मग मेल यायला लागल्या. 'वापरू का?' 'थोडा बदल केला तर चालेल?' कुठकुठली माणसं! मी प्रत्येकाला पानभर उत्तर लिहायचे, तिकडची हवा विचारायचे. रविवारी कॅफेत जाताना चांगला ड्रेस घालायचे. हसा खुशाल.

एकाने मात्र चिडून लिहिलं, 'अहो, लायसन्स लिहा! काहीच लिहिलं नाही तर कायद्याने सगळे हक्क तुमचेच राहतात. प्रत्येकाने तुम्हाला विचारत बसायचं का?'

त्याचं बरोबर होतं. पण मला आई आठवली. पुणतांब्याला तिच्याकडे लग्नकार्याची मोठी पातेली होती, नाव घातलेली. बुद्धविहारात ठेवा, लागेल तो नेईल, असं सगळे सांगायचे. आई ऐकायची नाही. "तिथं ठिवली तर माझ्या दारात मागाया कोन येईल?" मला ती तेव्हा चिक्कू वाटायची.

मी बरेच दिवस टाळलं. शेवटी सगळ्यात मोकळं लायसन्स निवडून फाइलच्या वरच लिहिलं: कोणीही वापरा, बदला, वाटा, नाव तेवढं पुसू नका. विचारायची गरज नाही.

मेल थांबल्या. रविवारी जात राहिले, रिकामी पेटी बघून परत यायचे. फार एकटं वाटायचं.

पुढे कारखान्यातल्याच एकाने फ्लॉपी आणून मला माझाच प्रोग्रॅम दाखवला. "मॅडम, लई भारी हाय. कुनाला इचारायची बी गरज न्हाई."

खाली माझं पूर्ण नाव होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं.

"कोन बाई हाय, कुनास ठावं," म्हणाला, आणि चहाला गेला.