उरलेली चार इंजेक्शनं

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा माझ्याकडे वळवला नाही, तेव्हाच मी समजले. आठ दिवस रोज पोटात सुई टोचून घेतली होती, आणि एका बाजूला एक बीज, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. "या वेळी इथंच थांबू," त्या म्हणाल्या. सायकल कॅन्सल. मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचाराची ही आमची तिसरी खेप. मी टेबलावरून उतरले, कपडे नीट केले आणि बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न काय विचारावा? "मंग घरी चार इंजेक्शनं उरले, त्याईचं काय?"

असा संताप आला मला. पण दवाखान्यात बारा बायका रांगेत बसलेल्या, त्यांच्यादेखत काय बोलणार.

दवाखाना अकोल्याला, घर अमरावतीला. एसटीत मूर्तिजापूरच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, "आता बस झालं. मले नाही करायचं पुन्हा." त्यानं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "उन्हानं डोकं दुखून राहिलं असंन तुयं. घरी गेल्यावर झोप जराशी."

इंजेक्शनं घरी फ्रिजमध्ये होती, दुधाच्या गंजामागे, म्हणजे पातेल्यामागे, पांढऱ्या खोक्यात. मी ती घालवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मेडिकलवाल्याकडे नेली तर तो म्हणाला, "ताई, फ्रिजचा माल एकदा दुकानातून गेला की परत घेत नाही." दवाखान्यातल्या सिस्टरला फोन करून विचारलं, एखाद्या गरजू बाईला द्याल का. ती म्हणाली, "तुमी घरी कसे ठेवले ते कोणं पाह्यलं? दुसऱ्याच्या आंगात कसे टोचू?" बरोबरच होतं तिचं. खोकं पुन्हा गंजामागे गेलं.

सासूबाई अकोटच्या. सासरे तिथंच शेतीवर, पण माझं औषधपाणी सुरू झालं की त्या आमच्याकडे येऊन राहायच्या. मला पाण्याचा पेला उचलू द्यायच्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. त्यांच्या हाताखाली अन्नाचा कण वाया जात नसे. शिळ्या भाकरीचा कुस्करा, उरलेलं वरण कणकेत, कालचा भात फोडणीला. उरलं ते सरलं पाहिजे, हा घरचा कायदा. तोच कायदा आता माझ्या पोटाला लागू झाला. "इतकं महागामोलाचं औषध, टाकाचं काहून?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानं खोकं उलटंपालटं करून मुदत वाचली. दिवाळीच्याही पुढची निघाली. दोघांचे चेहरे उजळले. मी पुन्हा एकदा म्हटलं की मला नको. तो म्हणाला, "हे संपू दे. मंग पाहू." खोक्यावरची मुदत सगळ्यांनी वाचली, पण बाई, तुझ्यात किती दम उरला आहे असं मला एकानंही विचारलं नाही. ते खोकं घरात होतं तोवर माझी सुटका नव्हती.

मे महिन्यात सासूबाई दोन दिवसांसाठी लग्नाला अकोटला गेल्या. नवरा ऑफिसात. मला ऑफिसला सुट्टी होती, म्हणून मी फ्रिज साफ करायला काढला. स्वतःशी मी असंच म्हणत होते, की फ्रिज साफ करतेय. फ्रिज बंद केला, बर्फ वितळू दिला, खायच्या सोड्यानं पुसला. मग दूध आत ठेवलं, दही ठेवलं, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडून डब्यात ठेवली, आठवणीनं लिंबंसुद्धा ठेवली. खोकं मात्र पश्चिमेच्या खिडकीतच राहिलं. अमरावतीचं मेमधलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुपारभर मी तीनदा त्या खिडकीजवळून गेले. दिवेलागणीला खोकं उचललं, ते तव्यावरून काढल्यासारखं तापलं होतं. ते मी मुकाट्यानं गंजामागे ठेवून दिलं. सील शाबूत, काचेतलं पाणी जसंच्या तसं नितळ. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

पुढं काय करायचं याचा मी विचारच केला नव्हता. वाटलं, सांगून टाकू की खराब झाली, विषय संपेल. पण सांगणार कसं? तोंड उघडलं की "कशी खराब झाली" हा प्रश्न आलाच. रोज उद्यावर ढकलत गेले, आणि अकोल्याला जायचा दिवस उजाडला.

त्या सकाळी मी ओट्याशी चहा करत होते. सासूबाई आंघोळ करून आल्या, हळूच फ्रिज उघडला आणि खोकं काढलं. ओल्या फडक्यात गुंडाळलं, कारण औषध गार पाहिजे हे त्यांनी सिस्टरच्या तोंडून ऐकलेलं. ते देवापुढे ठेवलं, त्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्या. माझा चहा उकळायच्या आत खोकं परत जागेवर गेलंसुद्धा. मी पाहिलं ते त्यांना कळलं नाही.

दवाखान्यात सिस्टरनं बर्फाच्या थर्मासमधून खोकं काढलं आणि कुंकू पाहून हसली. "आजी, देवाले दाखवून आणलं का?" सासूबाई लाजल्या. "दहा मिंटं ठेवलं होतं, बाप्पा. वल्ल्या फडक्यात." डॉक्टरीणबाईही हसल्या, म्हणाल्या दहा मिनिटांनी काही होत नाही, करू सुरू.

आता मी गप्प बसले असते तर ते मेलेलं औषध पुन्हा चार दिवस माझ्याच पोटात गेलं असतं. खरं बोलावं, तर तेवढी छाती नव्हती. आणि आयतं कुंकू समोर होतं.

मी म्हटलं, "दहा मिनिटं नाही. दोन तास तरी होतं. मी उठले तेव्हापासून देवघरातच होतं."

डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं. या उन्हात दोन तास, मग भरवसा नाही, याच्यावर मी सुरू करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील की खोटं बोलते. त्या म्हणाल्या, "असंन. पूजेले बसली की मले वेळेचं भान नाही राह्यत."

बाहेर आल्यावर नवरा सगळ्या बायकांसमोर आईवर ओरडला. "तुले कोणं सांगतलं होतं हात लावाले?" ती बाई भिंतीशी उभी राहून पदराचं टोक पिळत होती. मी पाण्याची बाटली उघडून पाणी प्याले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी समोर उभं राहून पाहिली.

नवी इंजेक्शनं आणू असं नवरा म्हणाला होता. सासूबाईंनीच मोडता घातला. "देवापुढं ठेवलेलं औषध नासलं. त्यानं नाही म्हटलं समजा. आता त्या पोरीले टोचू नका." आईच्या देवापुढे त्याचं काही चाललं नाही. मी इतके दिवस घसा कोरडा करून जे मिळवू शकले नाही, ते त्यांनी मला एका वाक्यात दिलं. त्या रात्री मी ढाराढूर झोपले. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. ती नंतर आली.

यंदा अकोटला त्यांच्या भाचीचं डोहाळजेवण होतं. ओटीचं ताट एकेकीपुढे येत होतं. माझ्यापाशी आल्यावर भाचीच्या सासूनं ते न थांबता पुढे सरकवलं, सासूबाईंपुढे ठेवलं. मूल नसलेल्या बाईच्या हातून ओटी नको, हे तिथं कोणी बोलत नाही, करतात. मी सतरंजीकडे पाहत बसले. सासूबाई तिथल्या सगळ्यांत मोठ्या सवाष्ण, मोठा मान त्यांचा. त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"माह्या सुनेत काही खोट नाही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसा. "तिचं औषध माह्या हातानं नासलं. गुण नाही तो माह्याच हाताले नाही. मी कोणाची ओटी भरत नाही आता. तिले भरू द्या."

त्यांनी ताट उचलून माझ्यापुढे ठेवलं आणि आपण मागे, दाराशी जाऊन बसल्या. सगळ्या बायका त्यांच्याकडे वळून पाहत होत्या. खरं सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी उठले, डोक्यावर पदर घेतला, त्या पोरीला हळद-कुंकू लावलं आणि खण, नारळ, तांदूळ तिच्या ओटीत घातले.