फाटकावरची शीळ

आमचे बाबा गेल्यानंतरही रोज संध्याकाळी फाटकावर येऊन शीळ घालत होते, असं मी सांगितलं की ऐकणारे जरा सरकून बसतात. बसू द्या, मला ते आवडतं. पण मी खोटं सांगत नाही. शीळ मी ऐकली, बायकोनं ऐकली, समोरच्या किराणावाल्या शेठजींनी ऐकली. आणि माझ्या मायनं तर ती ऐकून रोज फाटक उघडलं.

बाबांनी मायला कधी नावानं हाक मारली नाही. आमच्याकडे त्या पिढीत मारतच नसत. कोणी ‘अवं’ म्हणायचं, कोणी पोराचं नाव घ्यायचं. बाबांची तऱ्हा न्यारी. रिसोडच्या बाजारातून आले की गाडी फाटकासमोर उभी करायची, हॉर्नला हात लावायचा नाही, आणि दातांतून एक बारीक, शेवटी वर चढत जाणारी शीळ घालायची. माय कणकेचे हात तसेच घेऊन निघायची.

बाबा गेले आणि गाडी माझ्या हाती आली. पहिल्याच संध्याकाळी मी फाटकासमोर ब्रेक दाबला आणि बॉनेटखालून शीळ आली. बारीक. शेवटी वर चढत जाणारी. समोर माय उभी. हाताला पीठ, कडी काढलेली. तिनं काचेतून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

“तू होय,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शीळ, पुन्हा माय. पुढे पुढे तिचा चेहरा उतरेनासा झाला. ती माझ्याकडे बघायचीच नाही. फाटक उघडायची, गाडी आत येईपर्यंत बाजूला उभी राहायची, आणि डोक्यावरचा पदर सारखा करायची.

भूत शीळ घालतं, इथवर माझी काही तक्रार नव्हती. फुकटचा किस्सा मिळाला होता. पण गाडी उभी राहिली की इंजिन थरथरायचं आणि मध्येच बंद पडायचं. मायला डोळे दाखवायला वाशिमला नेत होतो, तर रस्ता ओलांडताना मधोमध बंद पडली. सोयाबीनच्या पोत्यांचा ट्रक तिच्या दारापासून हातभर अंतरावर कचकचत थांबला. ड्रायव्हरनं आमच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. माय म्हणाली, “तुह्या बापाले मले न्याची लय घाई झाली वाटते.”

मी हसलो. ती हसली नाही.

त्या रविवारी दुपारी मी अंगणात बॉनेट उघडलं. इंजिनावर चार नळ्यांचा एक काळा प्लास्टिकचा सांगाडा असतो. बाहेरून आलेली हवा तो चारी सिलिंडरना वाटून देतो. त्याला म्हणतात इनटेक मॅनिफोल्ड. त्याला भेग पडली की फालतू हवा आत ओढली जाते आणि इंजिनाचा श्वास बिघडतो. भेग शोधायची माझी रीत सोपी होती. इंजिन चालू ठेवायचं आणि पेटलेली अगरबत्ती मॅनिफोल्डभोवती फिरवायची. आधी मायच्या देवघरातली अगरबत्ती पेटवून आणली, मग पेट्रोल कुठे गळत नाही ना ते पाहिलं. क्रम चुकला, पण वाचलो.

समोरून शेठजी ओरडले, “काय भाऊ, गाडीले ओवाळून राह्यले काय? नारळ पाठवू?”

“पाठवा, प्रसादाले तुमालेच बोलावतो!”

धूर सरळ वर जात होता. एका कोपऱ्यात बोल्टाजवळ मात्र त्यानं मान वाकडी केली आणि सुळकन आत शिरला. आत कोणीतरी श्वास घेत असावं, तसा. माझी मस्करी तिथंच विझली. इंजिन बंद करून हात घातला तर भेगा बुजवायची राखाडी लांबी लागली. दोन गोळे एकत्र मळून लावतात, ती. आणि तीत अंगठ्याचा ठसा. मधून आडवी चीर गेलेला. ती चीर मला ठाऊक होती. कडबाकुट्टीच्या यंत्रावर बाबांचा अंगठा कापला होता.

बाबांना घट्ट करायचं वेड होतं. नळ, बरणी, बोल्ट, जे हाती येईल ते आवळायचे. लिंबाच्या लोणच्याची त्यांनी लावलेली बरणी आमच्या घरात अजून कोणाला उघडलेली नाही. इथंही बोल्ट इतका आवळला होता की प्लास्टिक तडकलं, आणि मग कोणाला न सांगता त्यांनी ते लिंपलं. आता लांबीची कड सुटली होती. शीळ तिथून येत होती.

माय मागे उभी होती. “गाडी नीट होते ना?”

“होते.”

“आन् शीळ?”

मी एरवी बोलण्यात कोणाला हार जात नाही. “शीळ जाईन,” एवढंच म्हणालो.

“शीळ ठेवून नीट नाही होत?”

“नाही. म्हणशील तर राहू देतो, माय. हळू चालवत जाईन.”

“आन् ट्रकवाल्याले सांगशील, तू बी हळू चालव म्हणून?” ती पायरीवर बसली. “काढ. अंगठा तेवढा राहू दे.”

बोल्ट बाबांनीच आवळलेले. पान्याला पाइप अडकवून, अंगाचा सगळा भार टाकून सोडवले. शेवटचा सुटताना किंचाळला. मी सुटलेली कड तेवढी खरवडली, भेग घासली, स्पिरिटनं पुसली, नवी लांबी भरली. ठशाखालची लांबी दगडासारखी पक्की होती. तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकासमोर ब्रेक दाबला. काही नाही. इंजिन एकसारखं चाललं होतं, थरथर नाही, शीळ नाही. माय पायरीवर बसलेली दिसत होती. ती उठली नाही. मी उतरून फाटक उघडलं, गाडी आत घेतली, आणि कडी लावायला परत गेलो.

“फाटक नको लावू.”

“काहून?”

“आता ते बिनआवाजाचे येतीन.”

तेव्हापासून फाटक उघडं असतं. गल्लीतल्या बकऱ्यांनी आमची जास्वंद फस्त केली. बायको रोज कुरकुरते, पण कडीला हात तीही लावत नाही. आणि मी गाडी बंद केल्यावर लगेच उतरत नाही. मागे फाटक उघडं असतं. मी आरशात पाहत थोडा वेळ बसून राहतो.