रतनची जागा

दीनाबाईंच्या घरचे किस्से म्हणजे एकात एक अडकलेल्या बशा! एक उचलायला जावं तर खालच्या चार सोबत येतात.

आम्ही दोघी उज्जैनच्या मुलींच्या शाळेत शिकवायचो. त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी सूर्य मावळला, त्यांचा शब्बाथ संपला, की माधव नगरला त्यांच्याकडे चहा. मी आणि आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा कायमचे मेंबर. शिवाय दीनाबाईंचं धाकटं भावंड, रतन. मुलगा की मुलगी, हे डॉक्टरांनाही कधी सांगता आलं नव्हतं. वडिलांनी मात्र धर्मग्रंथ आणि त्यावरची जुनी भाष्यं दोन्ही भावंडांना सारखीच शिकवली होती.

*

देवास गेटला रतनचं शिलाईचं दुकान होतं. एका गिऱ्हाइकाने दारातूनच विचारलं, "दर्जी जनाना है कि मर्दाना?"

रतनने गळ्यातली टेप काढली. "नाप दो भैया, मेरे यहाँ दोनों सिलते हैं!"

तो गृहस्थ पुढे बायकोची पोलकीही तिथेच टाकू लागला.

*

शेजारच्या विमलाबाईंनी एकदा हळूच विचारलं, "असं भावंड घरात... तुमच्या धर्मात दोष नाही मानत?"

"आमचे एक जुने गुरू सांगून गेलेत," दीनाबाई म्हणाल्या, "आमचे मूळपुरुष अब्राहाम आणि त्यांची सारा, दोघंही आधी अशीच होती. त्यांना दोष लावला तर आम्ही सगळेच गेलो की हो!"

विमलाबाई साखर मागायला आल्या होत्या. वाटी तिथेच विसरून गेल्या.

*

शास्त्रीबुवा राम घाटावर संध्या आटोपून यायचे. एकदा मोठ्या ऐटीत म्हणाले, "आमच्याकडे अर्धनारीनटेश्वर आहेत. तुमच्याकडे?"

"आमचा तर पहिला माणूसच तसा!" दीनाबाई म्हणाल्या. "भाष्यकार म्हणतात, देवाने आदाम घडवला तो पाठीला पाठ लावून. एकीकडे पुरुष, एकीकडे बाई. मग मधून उसवून दोन केले."

काज करता करता, मान वर न करता रतनने म्हटलं, "माझी शिवण उसवायची राहिली बहुतेक."

शास्त्रीबुवांनी कप खाली ठेवला आणि चक्क हात जोडले.

*

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि दीनाबाईंची बदलीही तिकडेच झाली. निघण्याआधी त्यांनी मलिदा ठेवला. गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, आणि एलिया संदेष्ट्याच्या नावाने प्रार्थना. गावातली चार ज्यू घरं जमली, आम्हीही होतो. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. प्रार्थना चालवणारे हायमकाका रेल्वेतले रिटायर्ड गार्ड, भलतेच कडक! त्यांच्यामुळे रतन नेहमी उंबरठ्यावर बसे. दुकानासाठी रतन इथेच राहणार; दीनाबाई गेल्यावर तर तेवढंही कोण बसू देणार? जाण्याआधी रतनला आत बसलेलं बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"रतन, आत ये," त्या म्हणाल्या.

हायमकाकांनी प्रार्थना थांबवली. "आत म्हणजे कुठे? पुरुषांत की बायकांत?"

"काका, देवाने आदामाला घडवून बागेत ठेवलं, तेव्हा कुठल्या बाजूला बसवलं होतं?"

रतनचा हात चौकटीवर तसाच. हायमकाकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कण्हत उठले, आपला पाट उचलला आणि बरोबर मधोमध, मलिद्याच्या ताटासमोर नेऊन टाकला. बसले, आणि शेजारी हाताने जागा थोपटली.

"रतन, इथे बैस. माझे गुडघे गेलेत, उठताना हात द्यायला कोणीतरी लागतं. दर मलिद्याला!"