सुभेदारांची मुलगी कथक शिकते

नृत्याच्या वर्गात किस्से साठतात, त्याला कारण आहे. मुलं अशा वयाची असतात की त्यांचे हातपाय त्यांनाच दर महिन्याला नवे वाटतात, आणि आपण त्याच हातापायांना सांगत असतो की मनगट इथे, नजर तिथे. यातून एक तर नृत्य तयार होतं, नाही तर किस्सा. माझा आजवरचा अनुभव असा, की किस्सा आधी तयार होतो.

मी कथकमध्ये एम.ए. केलं. प्रबंध लिहिताना प्रत्येक विधानाला आधार द्यायची जी सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. त्यामुळे आरंभीच सांगते, की पुढील मजकुराला माझ्या डोळ्यांखेरीज आणि कानांखेरीज दुसरा आधार नाही. जिथे मी स्वतः हजर नव्हते, तिथे तसं नमूद केलं आहे.

वर्ग सांगलीत, विश्रामबागमध्ये, एका दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. आठवडाभर कथक, रविवारी कंटेम्पररी.

*

समृद्धी वर्गात आली तेव्हा नुकतीच अकरावीत गेली होती. आष्ट्याहून एसटीने यायची. पहिल्या दिवशी तिचे वडील सोबत होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि आता ऊस बघतात. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही, सगळे ‘सुभेदार’च म्हणतात.

मी त्यांना अभ्यासक्रम सविस्तर समजावून सांगितला. परंपरा, घराणी, ताल, अभिनय, काहीही वगळलं नाही. ते ताठ बसून शेवटपर्यंत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “बूट कुठलं घ्यायचं हिला?”

“बूट नाही लागत. अनवाणीच नाचायचं असतं.”

“अनवाणी? आन् पाय ह्या फरशीवर आपटायचं?”

“हो.”

सुभेदार उठले. वर्गाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची टाच फरशीवर एकदा सणसणीत मारून बघितली. मग जिन्यावर धावती पावलं वाजली आणि दवाखान्यातला कंपाउंडर दारात आला.

“मॅडम, जरा बेतानं. पेशंटच्या तोंडात मशीन हाय.”

सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते मला म्हणाले, “फरशी पक्की हाय. शिकू दे. पर बारावी हुस्तवर. त्यापुढं भरतीची अकॅडमी. पलूसला आमचा दोस्तच चालवतो. पोलिसात जायचं, हे पक्कं हाय.”

समृद्धी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी होती. पक्कं नेमकं कुणाचं, हे विचारणं त्या दिवशी मला प्रशस्त वाटलं नाही.

*

तत्कार म्हणजे कथकचं पायकाम. ते रोज केल्याशिवाय येत नाही, म्हणून मी घरचा सराव सक्तीचा केला होता. त्याचे परिणाम कुठवर जातील, याचा अंदाज मला नव्हता.

एका संध्याकाळी समृद्धीच्या आईचा फोन आला. “ताई, समृद्धीला जरा लवकर सोडता का? म्हस पान्हा सोडंना झालीया.”

मी अदबीने विचारलं, की म्हशीचा आणि क्लासचा संबंध कसा?

“आवं, ही रोज सांजच्याला गोठ्यात नाचती. घरात आवाज हुतो म्हणून तिचं बाबा वरडत्यात. गोठ्यात शहाबादी हाय, तिथं बरं वाजतंय. म्हशीला त्याची सवय लागली. आज ही अजून तिकडंच, आन् म्हस धारच देत न्हाई.”

समृद्धी एसटीने पोचेपर्यंत तास गेला असता. म्हणून मी फोनवरच त्यांना बोल सांगितले. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. असं म्हणून बघा म्हटलं. पलीकडून बराच वेळ बोल ऐकू येत राहिले, उच्चार फारसे वाईट नव्हते. मग त्या म्हणाल्या, “नुसती बघतीया माज्याकडं. पाय पायजेत, ताई. तोंडानं न्हाई भागत.”

दुसऱ्या दिवशी मी काळजीने फोन केला. “मग काल कसं केलंत?”

“काय करनार? शेवटी ह्यांस्नीच उभं केलं गोठ्यात.”

“सुभेदारांना?”

“व्हय. फौजेतलं पाऊल हाय, पर म्हशीनं चालवून घेतलं.”

*

अभिनयाच्या तासाला मी ‘विरहोत्कंठिता’ शिकवत होते. प्रियकराची वाट पाहून व्याकूळ झालेली नायिका. आधी तिची लक्षणं सांगितली, मग म्हटलं, आता कोणाचंही अनुकरण न करता वाट बघणं दाखवा.

मनाली विश्रामबागमध्येच राहते. आमच्या वर्गात सर्वांत आधी तीच बोलते, आणि बहुधा सर्वांत शेवटीही. तिने मोबाईल बघितला, पालथा ठेवला, उचलला, पुन्हा पालथा ठेवला. मी म्हटलं, ठीक आहे, काळानुरूप आहे.

मग समृद्धी उभी राहिली. तिने टाचा उंचावून दूरवर पाहिलं. डोळ्यांवर हाताची सावली धरली. चेहरा उजळला, मग विझला. खांद्यावरचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. पुन्हा पाहिलं. हळूहळू तिच्या नजरेत अशी काही आर्तता आली की सगळा वर्ग ती बघत होती तिकडे बघू लागला. मी मनात म्हटलं, हिला लक्षणं समजली आहेत. आणि त्याच क्षणी ती पुढे झेपावली, कमरेचा रुमाल काढला, उंच उडी मारून हवेत भिरकावला, आणि अत्यंत समाधानाने थांबली.

“हे काय होतं?” मी विचारलं.

“जागा धरली, ताई. इस्लामपूर गाडी.”

मी दोन दिवस संदर्भग्रंथ चाळले. नायिकेने एसटीची वाट बघू नये असं कुठेही म्हटलेलं नाही.

*

वार्षिक कार्यक्रमासाठी कंटेम्पररी रचनेचा विषय मी ‘पूर’ ठरवला. कृष्णाकाठच्या मुलांना तो जवळचा वाटेल, असा माझा हिशेब. मी पाण्याच्या लाटा बसवल्या. उजवीकडून डावीकडे, हात लांबवर, पाठीला सुंदर वळण.

मनालीने हात वर केला. “ताई, पुराचं पाणी असं येत नाही.”

“मग कसं येतं?”

“समोरून नाही येत. आमच्या नदीजवळच्या जुन्या घरात आधी बाथरूमच्या जाळीतून आलं. आवाज पण नाही. आई पोहे करत होती आणि पायाला गार लागलं.”

कोणी हसलं नाही. मी त्या दिवशी सगळ्या लाटा काढून टाकल्या. आता आमच्या रचनेत पाणी मागून येतं, हळू, आणि पुढच्या मुलींना ते कळत नाही. माझ्या रचनेतला हा एकच भाग मला निर्विवाद चांगला वाटतो, आणि तो माझा नाही.

*

त्याच रचनेत ओंकारला काठावर येऊन पडलेल्या माणसाची भूमिका होती. ओंकार आटपाडीकडचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता डाळिंब आहे. तो सांगलीत हॉस्टेलवर राहतो. एका रविवारी त्याचे चुलते, तात्या, त्याला भेटायला थेट वर्गावर आले. मी त्यांना दाराशी खुर्ची दिली आणि तालीम पुढे चालू ठेवली.

ओंकार जमिनीवर पडला. मी सांगितल्याप्रमाणे आधी बोटं थरथरली, मग मनगट, मग सगळं अंग. डोळे वर. त्याने खरोखर उत्तम केलं.

इतकं उत्तम, की तात्या ओरडले, “आरं, फीट आली पोराला,” आणि दाराबाहेरच्या ढिगातली हाताला लागेल ती चप्पल घेऊन धावत आले. आम्हाला काही समजण्यापूर्वी त्यांनी ओंकारचं डोकं मांडीवर घेतलं आणि चप्पल त्याच्या नाकाशी धरली. चप्पल माझी होती.

“तात्या, नाचतोय मी,” ओंकार चपलेखालून म्हणाला.

“ह्यो नाच हाय व्हय? मग पडलायस कशापायी?”

“पूर आलाय.”

तात्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सांगलीत लख्ख ऊन होतं. ते खुर्चीवर जाऊन बसले आणि शेवटपर्यंत चप्पल हातातच धरून राहिले.

तालीम संपल्यावर मनालीने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “ताई, तात्यांची एन्ट्री कार्यक्रमात ठेवायची?”

मी काही बोलण्याआधी तात्याच म्हणाले, “मला जमायचं न्हाई, पोरी. डाळिंबाची फवारणी हाय.”

*

या प्रसंगाला मी हजर नव्हते. तो मला आधी समृद्धीने सांगितला आणि नंतर सुभेदारांनी. दोघांच्या सांगण्यात तफावत नाही.

ती बारावीत होती. सुट्टीच्या दिवशी सुभेदार तिला पलूसला अकॅडमीच्या मैदानावर नेऊ लागले होते, अंगवळणी पडावं म्हणून. धावण्यात ती पुढे असायची. मग एके सकाळी ड्रिल सुरू झालं. ड्रिल घेणाऱ्या उस्तादांनी आज्ञा दिली, “पीछे मुड.”

इथे थोडं स्पष्टीकरण आवश्यक आहे. कथकमध्ये चक्कर घेताना नर्तक समोरचा एक बिंदू नजरेने पकडतो. शरीर फिरतं, आणि नजर पुन्हा त्याच बिंदूवर येते. हे इतकं घोटून घेतलेलं असतं की वळणे या क्रियेचा दुसरा काही अर्थ शरीराला आठवतच नाही.

दुसऱ्या दिवशी सुभेदार वर्गावर आले. “मॅडम, सगळी मुलं पाठमोरी. आन् ही एकटी पुन्ना माझ्याकडंच तोंड करून उभी. वर हसतीया.”

मी सावधपणे म्हटलं, “हसणं आम्हीच शिकवतो. चक्कर पूर्ण झाल्यावर चेहरा प्रसन्न हवा.”

“उस्तादानं मला इचारलं, सुभेदार, पोरगी भरतीला आणलीय का वरातीला?”

मला हसू आलं होतं, पण ते हसत नव्हते. “दोन्ही डगरींवर पाय न्हाई चालायचं. तुमचा कार्यक्रम हाय नव्हं? तो मी बघतो. त्यात काय दिसलं, तर पुढचं बोलू. न्हाईतर त्याच आठवड्यात हिची बॅग पलूसला. तिथंच ऱ्हाईल.”

ते खाली उतरल्यावर समृद्धीने घुंगरू बांधायला घेतले. गाठ नीट बसत नव्हती. ती म्हणाली, “ताई, बाबांनी मला नाचताना कधी बघितलेलंच नाही. एकदम स्टेजवरच बघणार.”

“मग नीट नाच,” मी म्हटलं. शिक्षकाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

*

कार्यक्रम दुपारी होता. सभागृह भरलेलं. सुभेदार पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. तात्या फवारणी आटोपून आले होते. ‘पूर’ बरा झाला. त्यानंतर समृद्धीचं एकटीचं कथक.

तिने सुरुवात चांगली केली. सगळ्यात शेवटी तत्कार होता. संथ लयीत सुरू करायचा आणि टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा. पहिला टप्पा झाला आणि वीज गेली.

बाजूचे दरवाजे उघडे होते, त्यामुळे ती दिसत होती. पण तिच्यासाठी लावलेली पेटीची ध्वनिफीत बंद पडली, आणि लय धरायला तिच्याजवळ स्वतःखेरीज काही उरलं नाही. ती थांबली नाही. पाय चालू ठेवले.

सांगलीचे प्रेक्षक मनाने फार चांगले. पोरगी अडचणीत आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिला साथ म्हणून त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. आधी मागच्या रांगा, मग सगळं सभागृह. यातला धोका नाचणाऱ्यालाच कळतो. समूहाच्या टाळ्या कधीही एका लयीत राहत नाहीत. त्या धावतात, आणि पायांना सोबत ओढून नेतात. मी विंगेतून हाताने ताल देत होते, पण मला स्वतःलाच माझी टाळी ऐकू येत नव्हती. समृद्धीचा चेहरा बदलला. पाय ओढले जात होते. आणखी थोडा वेळ, की सगळं विस्कटणार.

तेवढ्यात सुभेदार उठले.

मला वाटलं, निघाले. मनाली माझ्या कानाशी म्हणाली, “गेली बॅग पलूसला.”

ते निघाले नाहीत. त्यांनी स्टेजकडे पाठ केली, सभागृहाकडे तोंड केलं, आणि छातीच्या तळातून आवाज काढला.

“परेऽऽड... थम!”

आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो. सगळ्या सभागृहाचे हात जिथल्या तिथे थांबले. काहींचे हवेतच राहिले. तात्या तर उभेच राहिले.

समृद्धीचे पाय मात्र थांबले नाहीत.

त्या शांततेत फक्त घुंगरू ऐकू येत होते. तिने लय मागे आणली, आपल्या ठिकाणी बसवली, आणि मग वाढवायला सुरुवात केली. एक टप्पा, त्यावर दुसरा. कोणी खोकलं नाही. सुभेदार हात पाठीमागे बांधून, पाय फाकवून, रांगांवर नजर रोखून उभे होते, आणि ती समेवर येऊन थांबेपर्यंत तसेच उभे राहिले. मग त्यांनी मान हलवून परवानगी दिल्यासारखं केलं आणि सभागृहात जो टाळ्यांचा गजर झाला, तो वीज परत आल्यावरही चालू होता.

लोक पांगल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. समृद्धी माझ्या मागे, घुंगरू अजून पायातच. विचारणं मला भाग होतं.

“सुभेदार, कार्यक्रम बघून तुम्ही सांगणार होतात.”

“बघायला कुठं मिळालं, मॅडम?” ते म्हणाले. “माझी तर पाठ हुती.”

त्यांनी रुमाल काढून मान पुसली, चेहरा पुसला, आणि जरा जास्तच वेळ पुसत राहिले.

“पुढच्या साली बसून बघतो.”