शेवटचा हात

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलच्या तळघरात मी फार्मसिस्ट होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वरच्या वॉर्डांतून हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून धप्पकन येत. इंजेक्शनं भरून मी त्याच नळीतून वर धाडायचो. दिवसभर माणूस दिसत नसे. फक्त एक पोक्त नर्स चिठ्ठी हातात घेऊन तीन जिने उतरून यायची. गुडघा चोळत, माझं काम होईपर्यंत माझ्याकडे बघत उभी राहायची.

"नळी आहे की," मी एकदा म्हणालो.

"डॉक्टर लिहितात, तुम्ही भरता, टोचते मी. शेवटचा हात माझा. आधीच्या दोघांचे चेहरे मला ठाऊक हवेत."

पुढे ती रिटायर झाली. चिठ्ठ्या आता सगळ्या नळीतूनच येत राहिल्या. रोज दाढी करणं मात्र मी सोडून दिलं.