दिवेलागणीला आलेलं पत्र

सरकारी कागदपत्रांचा मला मनस्वी कंटाळा. जन्मात एकदाच एक फॉर्म मी तत्परतेने पाठवला, आणि तोच नेमका पाठवायचा नव्हता.

नवरा चाळिशीचा झाला तेव्हा सिंगापूरच्या यिशुन भागातल्या आमच्या लेटरबॉक्समध्ये ते पत्र आलं. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, होतो, त्यामुळे कुणी अंथरुणाला खिळलं तर दरमहा पैसे देणाऱ्या विम्यात तो आपोआप घेतला गेला होता. नको असेल तर सोबतचा फॉर्म भरून पाठवायचा. हवा असेल तर काहीच करायचं नाही.

मी देवापाशी दिवा लावत होते आणि हा सोफ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागला. "सहापैकी तीन गोष्टी स्वतःच्या स्वतः करता आल्या नाहीत तर पैसे मिळतात. आंघोळ, कपडे घालणं, जेवणं, संडासला जाणं..."

"अरे, गप्प बस!" मी ओरडलेच. "दिवेलागणीला कसलं अभद्र वाचतोस? वास्तू तथास्तु म्हणत असते."

"वास्तू सरकारी आहे गं, एचडीबीची. तिला मराठी कुठे कळतंय?"

मला हसू आलं नाही. माझ्या माहेरी तिन्हीसांजेला आजारपणाचं नावसुद्धा काढत नसत. शिवाय दोन वर्षांत आपण पुण्याला परत जाणारच आहोत, असं मी त्याला सुनावलं. हे वाक्य आमच्या ओळखीतल्या प्रत्येक मराठी घरात दर गणपतीला म्हटलं जायचं, आणि कुणी हलायचं नाही.

"राहू दे ना," तो म्हणाला. "पगारातल्या सक्तीच्या बचतीतून परस्पर कापतात. कळणारसुद्धा नाही आपल्याला."

"म्हणजे आजारी पडायची आत्तापासून तयारी? हात दाखवून अवलक्षण!"

त्याला वाद नको असायचा. त्याने सही केली. मी लगेच चपला घालून खाली गेले, पेटीत पाकीट टाकलं आणि वर येऊन शिरा केला. आता सांगायला लाज वाटते.

सिंगापूर स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून ब्लॉकभर लाल-पांढरे झेंडे लागले होते, त्याच दिवसांत त्याला ऑफिसात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्याला घरी आणल्यावर एक नर्स आली आणि विचारू लागली. स्वतः आंघोळ करतात का? नाही. कपडे घालतात? नाही. जेवतात? चमचा धरता येत नाही. त्याच सहा गोष्टी, त्याच घरात, आणि मी एकेकीला नाही म्हणत होते. तो भिंतीकडे बघत होता. "बघ, मी म्हणत होतो," एवढं जरी त्याने कधी म्हटलं असतं ना, तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. तो कधीच म्हणाला नाही.

त्याचा पगार थांबला. माझी बालवाडीतली नोकरी सोडली तर घर कशावर चालणार, आणि नाही सोडली तर दिवसभर त्याच्यापाशी कोण? विम्याची रक्कम फार मोठी नव्हती, पण त्याला सांभाळायला बाई ठेवली असती तर तिच्या पगाराला चांगला हातभार लागला असता. सहा महिने ओढाताण केली. मग पुण्याहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. "भाऊजींना इकडे पाठव. आम्ही आहोत ना."

आमची मुलगी विमानतळावरसुद्धा इथल्या सिंगापुरी हेलात "आई, वी कॅन मॅनेज, लाह," म्हणत माझी बाही ओढत होती. नव्हतं गं जमत. पुण्याला परत जायचं म्हणत होतो, तर तो गेला. एकटाच.

रोज व्हिडिओवर जाऊबाई सांगतात, आज डाव्या हाताने दोन घास खाल्ले. ते घास बघायला मी नाही. हे माझंच कर्म, दुसऱ्या कुणाचं नाही.

मग मी चाळीस वर्षांची झाले आणि तेच पत्र माझ्या नावाने आलं. मी दिवा लावला, त्याला फोन लावला आणि सगळं पत्र मोठ्याने वाचलं, सहाच्या सहा गोष्टींसकट. वास्तूला काय म्हणायचं ते म्हणू दे.

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. मग म्हणाला, "फॉर्म... पाठवू नकोस."

नाही पाठवला. काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. तेव्हाही एवढंच करायचं होतं.