विहीणबाईंना धाप लागत नाही

विहीणबाई सिल्लोडहून आल्या की मक्याच्या कणसांची पिशवी काखेत मारून तीन जिने चढतात आणि दारात पाय टाकताच बोलायला लागतात. धाप नाही, काही नाही. मी रिकाम्या हातानं दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबते. आम्ही दोघी एकाच वयाच्या. खोटं कशाला बोलू, त्या बोलायच्या आणि मी त्यांची छाती बघत बसायची, कुठं वरखाली होतेय का म्हणून. होत नसायची. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

माझ्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापानं आखडलीय. डॉक्टर म्हणाले, या वर्षात बदलून घ्या. मग माझी विमा शोधायची धावपळ सुरू झाली. एक एजंट घरी आला, दोन कप चहा प्यायला, झडपेचा रिपोर्ट बघितला आणि तिसरा कप नको म्हणाला. दुसरीनं फोनवर गोड आवाजात सांगितलं, "काकू, पॉलिसी देतो ना, फक्त पहिली तीन वर्षं हृदयाचा खर्च मिळणार नाही." म्हटलं, "अगं बाई, मग काय केस गळायला लागले म्हणून घेऊ का तुमची पॉलिसी?" तिसरा म्हणाला, आजार लिहूच नका. उद्या पकडलं तर बिल कोण भरणार, तुझा बाप? असं अगदी ओठावर आलं होतं. सरकारी योजना होती, पण माझे डॉक्टर तिच्यात नव्हते, आणि छाती उघडायची तर मला त्यांचाच हात हवा होता.

राहिली लेक. ती वाळूजला कंपनीत आहे. त्यांच्या विम्यात जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. लग्नाआधी त्यात माझं नाव होतं. लग्न झालं आणि कंपनीचा मेसेज आला की आई-वडील नाहीतर सासू-सासरे, एकाच बाजूची नावं ठेवा, महिनाअखेरपर्यंत कळवा. दोन्हीकडचे पुरुष कधीच गेलेले. म्हणजे सरळ सामना, मी की विहीणबाई.

रविवारी लेक आली. ताटातला भात नुसता चिवडत बसली. "मम्मी, मी आईंचं नाव टाकलंय," ती म्हणाली. "नवं घर आहे गं. सासूला सोडून आईला धरलं असं झालं असतं. तुझ्यासाठी दुसरं बघतेय मी."

मला मम्मी म्हणते आणि त्यांना आई. चार महिन्यांत आई!

"त्यांना काय धाड भरलीय?" मी ओरडले. "कधी सर्दी तरी झाली का त्या बाईला?"

ती डोळे पुसत निघून गेली. त्यानंतर मी फोनवर रडून बघितलं, अबोला धरून बघितला. तिचं आपलं एकच, "बघू, मम्मी."

त्याच आठवड्यात विहीणबाई आल्या. तीच पिशवी, तेच तीन जिने. मी चहा टाकला, मुद्दाम आलं घातलं नाही.

"तुमचं बरंय बाई," मी टोचलं. "आजार नाही आणि विमा आहे."

"कसला इमा?"

त्यांना पत्ताच नव्हता. मग मी सगळं ओकले, झडपेसकट. त्यांनी कप खाली ठेवला, लेकीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"माझं नाव काढ अन् तुझ्या आईचं टाक. मला काय झालंय? लई शहाणी झालीस व्हय?"

मला वाटलं, आता ही 'पण' काढणार, 'बघू' म्हणणार.

"हो आई," लेक म्हणाली. बस्स, एवढंच.

माझ्या रडण्यानं जे झालं नाही ते या बाईच्या एका दमात झालं. उपकार झाले, कबूल. पण त्या वेळी त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या जिने चढताना कधी आला नव्हता. धड आभार मानायलाही जीभ वळेना. म्हटलं, "थांबा, चहात आलं घालते."

"नाय, चांगलाय असाच," म्हणाल्या आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

ऑपरेशन त्याच विम्याच्या कार्डावर झालं, माझ्याच डॉक्टरांच्या हातानं. शुद्ध आली तेव्हा अंगभर नळ्या होत्या. काचेपलीकडं बाकावर दोघी दिसल्या. लेक झोपलेली, डोकं विहीणबाईंच्या खांद्यावर. लहानपणी ताप आला की माझ्या खांद्यावर अशीच तोंड उघडं टाकून झोपायची. मी कसाबसा हात वर केला, हलवला. तिनं डोळे उघडून मला बघावं, एवढंच पाहिजे होतं.

बघितलं विहीणबाईंनी. हसल्या. आणि ओठांवर बोट ठेवून मला खुणावलं, गप, आत्ताच डोळा लागलाय तिचा.

माझ्याच पोरीसाठी मलाच गप बसवतात! नवी झडप घेऊन पडल्या पडल्या मी जळत राहिले. हात मात्र खाली घेतला.